घरातली ऐकणारी यंत्रं आणि आपली मराठी मंडळी



आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले, तेव्हा स्वयंपाकघरातला बोलका स्पीकर आम्ही मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवला. हात पिठात असले तरी नुसतं बोलून टायमर लावता येतो, गाणी लावता येतात, दिवा बंद करता येतो, वगैरे वगैरे. आम्ही दोघंही संगणकवाले, त्यामुळे प्रात्यक्षिक अगदी झोकात झालं! दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसला गेल्यावर आईने इडलीपात्र चढवलं आणि स्पीकरला पंधरा मिनिटांचा टायमर लावायला सांगितलं. अर्थातच इंग्रजीत, ‘फिफ्टीन मिनिट्स’. यंत्राने ऐकलं ‘फिफ्टी’. त्याने ते परत म्हणूनही दाखवलं होतं, पण त्याचे अमेरिकन उच्चार आईला कळले नाहीत. पाणी आटलं, भांड्याचा तळ जळला, धुराचा अलार्म केकाटायला लागला. घरात हे दोघंच, आणि तो बंद कसा करायचा हे दोघांनाही ठाऊक नाही.

नुकसान एका भांड्याचं झालं. पण संध्याकाळी आई म्हणाली, ‘माझं इंग्रजी त्याला कळत नाही रे, मी आता त्याच्याशी बोलणार नाही.’ ते मात्र आम्हाला लागलं, कारण चूक तिच्या इंग्रजीची नव्हती. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असे स्पीकर, आवाजाने चालणारे रिमोट आणि गाड्या आहेत, आणि दर उन्हाळ्यात आई-बाबाही येतात. तेव्हा ही यंत्रं ऐकतात म्हणजे नक्की काय करतात आणि आपल्या माणसांच्या सोयीने ती कशी लावून द्यावीत, हे एकत्र लिहून काढावं असं ठरवलं.

यंत्र ऐकतं म्हणजे काय करतं?

आवाज म्हणजे हवेतला कंप. मायक्रोफोन तो विजेच्या लहरीत बदलतो आणि त्या लहरीची उंची साधारणपणे सेकंदाला १६,००० वेळा मोजून आकड्यांत लिहिली जाते. या आकड्यांचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे छोटे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात खालच्या पट्टीतला आवाज किती, वरच्या पट्टीतला किती, हे काढलं जातं. ‘आ’ची घडण वेगळी, ‘ई’ची वेगळी, ‘स’ तर जवळजवळ नुसती वरच्या पट्टीतली खरखर.

इथवरचं काम तसं सरळ गणिताचं आहे. खरी गंमत पुढे आहे. माणूस बोलताना शब्द सुटे सुटे बोलत नाही, निम्मी अक्षरं गिळतो, मागे मिक्सर चालू असतो. त्यामुळे यंत्राला ‘हा अमुकच उच्चार’ असं कधीच ठामपणे सांगता येत नाही. ‘हा प असण्याची शक्यता इतकी, ब असण्याची इतकी’ असे अंदाज त्याच्या हाती असतात. मग दुसरा अंदाज मदतीला येतो. आजवर वाचलेल्या आणि ऐकलेल्या लाखो वाक्यांत कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, याचा हिशोब. दोन्ही जुळवून सगळ्यात संभवनीय वाक्य निवडलं जातं. (आजकालच्या प्रणालींत हे दोन्ही अंदाज बहुधा एकाच मोठ्या न्यूरल नेटवर्कमध्ये एकत्र होतात, पण तत्त्व तेच.) म्हणजे यंत्र जे कानावर पडतं त्याच्याइतकंच, जे ऐकायची त्याला सवय आहे तेही ऐकतं. आपल्या सगळ्या अडचणींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

‘कॉल आई’ म्हणून पाहा. इंग्रजी शिकलेल्या यंत्राला ‘आई’ हा शब्द माहीत नाही, पण ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ त्याने कोट्यवधी वेळा पाहिलेला आहे. मग ते काय ऐकणार?

अंदाज किती भलतीकडे जाऊ शकतो याचं २०१८ सालचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ओरेगन राज्यात पोर्टलंडमधल्या एका कुटुंबाच्या घरगुती गप्पा अमेझॉनच्या इको स्पीकरने रेकॉर्ड करून त्यांच्याच ओळखीच्या एका माणसाला पाठवून दिल्या. कंपनीचं स्पष्टीकरण असं, की गप्पांतला एक शब्द यंत्राला स्वतःच्या नावासारखा वाटला, पुढचे काही शब्द ‘निरोप पाठव’ असे वाटले, मग ‘कोणाला?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून कोणाचं तरी नाव ऐकू आलं आणि शेवटी होकारही ऐकू आला. एकामागोमाग चार चुकीचे अंदाज! त्याच वर्षी ब्रिटनचे संरक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन संसदेत सीरियाबद्दल बोलत असताना त्यांच्या खिशातली सिरी मध्येच बोलू लागली होती.

थोडा इतिहास

आवाजाला प्रतिसाद देणारं खेळणं १९२० च्या दशकातच बाजारात आलं होतं. ‘रेक्स’ म्हटलं की घरट्यातून उडी मारून बाहेर येणारा कुत्रा. त्याला शब्द वगैरे काही कळत नव्हता, ‘रेक्स’मधल्या स्वराच्या कंपाने आतली स्प्रिंग सुटायची, इतकंच. १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचं यंत्र झालं. ते शून्य ते नऊ हे आकडे ओळखायचं, पण आवाज त्याच्या ओळखीचा हवा. आयबीएमने १९६२ मध्ये सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या ‘शूबॉक्स’ला सोळा शब्द येत. १९७६ पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘हार्पी’ने १,०११ शब्दांपर्यंत मजल मारली. तिथल्या या संशोधनाचे धुरीण डॉ. राज रेड्डी, आंध्रातल्या एका खेड्यात जन्मलेले, यांना १९९४ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये न थांबता बोललेलं टाइप करणारं ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ आलं, पण आधी बराच वेळ त्याला आपला आवाज शिकवत बसावं लागे. २०१० च्या आसपास न्यूरल नेटवर्कच्या नव्या पद्धतींनी चुका एकदम कमी झाल्या, आणि मग २०११ मध्ये आयफोनवर सिरी, २०१४ मध्ये इको आणि २०१६ मध्ये गूगल होम अशी रांग लागली.

आपले उच्चार आणि त्यांचे कान

आता इडलीकडे परत येऊ. इंग्रजीत ‘फिफ्टीन’चा जोर सहसा शेवटच्या ‘टीन’वर आणि ‘फिफ्टी’चा पहिल्या अक्षरावर. अमेरिकन कान या जोरावरून दोन्ही ओळखतो. मराठीत असा जोर देऊन शब्द वेगळे करायची पद्धतच नाही, आपण सगळी अक्षरं सारख्याच तोलाने म्हणतो. त्यात एक्झॉस्ट पंख्याच्या आवाजात शेवटचा ‘न’ बुडाला, की पंधराचे पन्नास झालेच. हीच गत तेरा-तीस आणि चौदा-चाळीसची.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इंग्रजी बोलणारे शब्दाच्या सुरुवातीचे ‘प’, ‘ट’, ‘क’ बरीच हवा सोडून म्हणतात. आपल्या हिशोबाने त्यांचा ‘काइट’ जवळजवळ ‘खाइट’ असतो. आपण मात्र स्वच्छ मराठी ‘क’ म्हणतो, त्यात हवा नाही. त्यामुळे आपला ‘पिन’ त्यांना ‘बिन’ वाटू शकतो, माणसांनाही आणि यंत्रांनाही. आपल्याकडे ‘व’ एकच, त्यांच्याकडे दोन. ‘थ्री’ आणि ‘ट्री’ आपण दाताला आणि टाळूला जीभ लावून वेगळे करतो, ते तिसरंच काही तरी करतात.

म्हणजे आईचं इंग्रजी वाईट नाही, त्याची घडण वेगळी आहे, आणि त्या घडणीचे नमुने यंत्राने पुरेसे ऐकलेले नाहीत. हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये ॲपल, अमेझॉन, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात सरासरी शंभरात १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात ३५. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांची ही कथा!

मराठी कुठवर आली?

बरीच पुढे आली आहे, आणि हे अनेकांना माहीत नसतं. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टाइप करण्याची सोय ज्या आठ भारतीय भाषांत नव्याने दिली त्यांत मराठी होती. २०१८ मध्ये गूगल असिस्टंट मराठी बोलू लागला. २०२४ च्या जूनमध्ये भारतात आलेलं जेमिनीचं ॲपही मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं. ॲपलने २०२३ च्या आयओएस १७ पासून सिरीशी इंग्रजीत मराठी मिसळून बोलण्याची सोय केली, त्यासाठी सिरीची भाषा ‘इंग्लिश इंडिया’ ठेवावी लागते. अलेक्साला सप्टेंबर २०१९ पासून हिंदी येते, मराठीला अजून तिथे जागा मिळालेली नाही.

मराठी यंत्राला जड का जाते? एक कारण आपले प्रत्यय. इंग्रजीत ‘हाउस’ आणि ‘हाउसेस’ झालं की संपलं. आपल्याकडे घर, घरात, घराला, घरातून, घरापासून, घरातल्यांना, घराशेजारच्यांनीसुद्धा... एकेका शब्दाची शेपटं मोजता मोजता यंत्र दमतं. दुसरं कारण लिपीतलं. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतला च वेगळा, हे आपण कोणाला शिकवत नाही आणि लिहूनही दाखवत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे ‘जगत राहा’, दोन्ही लिहिताना एकच, म्हणताना दोन. यंत्राने मराठी मजकूर वाचून दाखवला की ते इथे हमखास घसरतं. शिवाय बोली आहेतच. वऱ्हाडातल्या आजी डोळ्याला ‘डोया’ म्हणतील, आणि छापील मराठीवर वाढलेलं यंत्र बुचकळ्यात पडेल.

पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे नमुने कमी. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘व्हिस्पर’ ही प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली. ती ६ लाख ८० हजार तासांच्या रेकॉर्डिंगवर शिकलेली आहे. त्यातले इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांचे मिळून १ लाख १७ हजार तास. त्यातला मराठीचा घास किती लहान असेल ते वेगळं सांगायला नको. ही कमतरता भरून काढायला आपल्यालाही हातभार लावता येतो. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात मराठी आहे, पडद्यावर येणारी वाक्यं आपल्या आवाजात वाचून द्यायची, बस्स. भारत सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमातही ‘भाषादान’ नावाने अशीच सोय आहे. दुपारी घरी बसून कंटाळलेल्या आजोबांना याहून बरं काम आमच्या तरी डोक्यात आलं नाही. शिवाय यंत्रांना तरुण शहरी आवाजांपेक्षा सत्तरीतल्या आवाजांची जास्त गरज आहे.

आई-बाबांसाठी लावून देताना

आधी हे ठरवा, की त्यांना स्पीकरची गरज आहे की फोनची. आमच्या अनुभवाने फोन जास्त उपयोगी. गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली आणि माइकचं चिन्ह दाखवलं, की व्हॉट्सॅपवरचे निरोप बोलून लिहिता येतात. आईने तीन दिवसांत पुण्यातल्या मावशीला परिच्छेदच्या परिच्छेद पाठवायला सुरुवात केली. स्वल्पविराम एकही नाही, पण मजकूर बरोबर! यूट्यूबवर नाटकं शोधणंही याच माइकने जमतं.

टीव्हीचा बटण दाबून बोलायचा रिमोटही ज्येष्ठांना सोपा जातो. बटण दाबलं तरच तो ऐकतो, त्यामुळे हाक मारायची भानगड नाही आणि भलत्या वेळी जागं होणंही नाही.

स्पीकर लावायचाच असेल तर भाषा ‘इंग्लिश इंडिया’ करून पाहा. अलेक्सा, सिरी आणि गूगल तिन्हींत हा पर्याय आहे आणि आपल्या उच्चारांना तो बराच मानवतो. अमेरिकेतल्या एखाद्या सेवेची त्या निवडीशी गाठ पडत नसेल तर परत फिरता येतं. अलेक्साला हाक मारायचा शब्दही बदलता येतो, ‘इको’ किंवा ‘कंप्यूटर’ असे पर्याय आहेत. ‘कंप्यूटर’ मात्र आपल्यासारख्यांच्या घरात ठेवू नका, यंत्राला झोपच मिळणार नाही.

दिव्यांना आणि खोल्यांना नावं आपल्या बोलण्यातली द्या. इथले लोक ‘लिव्हिंग रूम’ म्हणतात, आपण ‘हॉल’ म्हणतो. मग ॲपमध्ये नाव ‘हॉल’च ठेवावं, आई-बाबांना कशाला नवा शब्द शिकवायचा? मराठी शब्द वापरायचा तर इंग्रजीत त्याच्यासारखा एखादा शब्द असलेला निवडा. ‘दिवा’ हा इंग्रजीत थाटामाटाच्या गायिकेला वापरतात, उच्चार थोडा वेगळा असला तरी यंत्राला तो ओळखीचा आहे. आमच्या हॉलमधल्या दिव्याचं नाव ‘दिवा’ आहे आणि तो बिनतक्रार लागतो. ‘देवघर’ मात्र काही केल्या जमलं नाही, शेवटी ‘टेम्पल’ ठेवलं.

‘आई’ला फोन लावण्याचा तिढा असा सोडवता येतो. आयफोनच्या संपर्क यादीत नावाचा उच्चार लिहायला वेगळा रकाना जोडता येतो. किंवा सिरीला ‘अमुक अमुक माझी आई आहे’ असं एकदा इंग्रजीत सांगून ठेवायचं, पुढे ‘कॉल माय मदर’ म्हटलं की झालं. आजोबांच्या फोनमध्ये मुलगा आणि सून यांची अशीच ओळख करून द्या. नावं आपली असली की हमखास चुकतात, नाती सहसा चुकत नाहीत.

आणि टायमर? तेरा ते एकोणीस हे आकडे टाळा. दहा, बारा, वीस यांत गोंधळ होत नाही. आमची इडली आता बारा मिनिटांची आहे आणि चांगली होते. कुकरच्या शिट्ट्या मात्र आई स्वतःच मोजते, ते काम कोणत्याही यंत्रावर सोपवायची तिची तयारी नाही.

आवाज जातो कुठे?

स्पीकर सतत ऐकत असतो हे खरं, पण हाकेचा शब्द ओळखण्याचं काम यंत्राच्या आतच होतं. हाक ऐकू आली, किंवा आल्यासारखी वाटली, की पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. २०१९ मध्ये बातम्या आल्या की अमेझॉन, ॲपल आणि गूगलच्या वतीने माणसं यातली काही रेकॉर्डिंग ऐकत असत. सिरीच्या अशाच एका खटल्यात ॲपलने २०२५ च्या सुरुवातीला ९ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. मुलांचे आवाज हवे त्याहून जास्त काळ साठवल्याच्या आरोपावरून अमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकी सरकारशी अडीच कोटी डॉलर भरण्याची तडजोड केली. इकोच्या काही मॉडेलमध्ये बोलणं घराबाहेर न पाठवता यंत्रातच उलगडण्याचा पर्याय होता, तो २८ मार्च २०२५ पासून काढून टाकला गेला.

तेव्हा ॲपच्या प्रायव्हसी विभागात जाऊन जुनी रेकॉर्डिंग पुसा आणि पुढची आपोआप पुसली जातील असं करून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे. मुलांच्या आणि पाहुण्यांच्या झोपायच्या खोलीत स्पीकर नको, हे आमचं मत. घरात व्हिसाच्या, पैशाच्या गोष्टी चालू असल्या की माइक बंद करायचं बटण दाबायचं, हे आई-बाबांनाही दाखवून ठेवा. ज्याच्या घरी राहतो त्याचं यंत्र बंद कसं करायचं, असा संकोच त्यांना वाटतो.

अडीअडचणीला

धुराचा अलार्म वाजला त्या दिवशी आई-बाबांनी स्पीकरलाच ‘हेल्प, हेल्प’ म्हणून पाहिलं होतं. म्हणून हा भाग नीट वाचा. स्पीकर घरी आणून नुसता जोडला, तर त्यावरून ९११ ला फोन लागत नाही. पैसे भरून घ्यायच्या वेगळ्या सेवा आहेत, उदाहरणार्थ अलेक्साची २०२३ पासूनची, पण त्या मुद्दाम घ्याव्या लागतात आणि तिथेही बोलावं लागतं इंग्रजीतच. आयफोनवर मात्र ‘हे सिरी, कॉल नाइन वन वन’ चालतं. आकडे ‘नाइन इलेव्हन’ असे न म्हणता सुटे म्हणायची सवय लावा.

९११ च्या अनेक केंद्रांत फोनवर दुभाषी जोडून देण्याची सोय असते. इंग्रजी सुचेनासं झालं तर आधी घराचा पत्ता आणि मग ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढा एकच शब्द म्हणायचा. मराठीचा दुभाषी लगेच मिळेलच असं नाही, हिंदीचा मिळण्याची शक्यता जास्त. पत्ता मोठ्या अक्षरांत, रोमन आणि देवनागरी दोन्हींत लिहून आम्ही फ्रिजवर लावला आहे. शेजारणीचा नंबर आणि धुराचा अलार्म बंद करायच्या बटणाचं चित्रही त्याच कागदावर आहे.

एका शनिवारी याची रंगीत तालीम केली. प्रत्यक्ष ९११ न लावता बाबांनी हॉलमधून हाक मारून आमचाच फोन लावायचा, असं ठरलं. पहिल्या दोन खेपांना सिरीला नाव कळलं नाही. तिसऱ्या खेपेला बाबा ‘कॉल माय सन’ म्हणाले आणि माळ्यावर ठेवलेला फोन वाजला. आता दर शनिवारी चहानंतर एकदा वाजतो.

चूभूद्याघ्या.